नावाचा वाटा

सत्यवान कुबलाला माशाच्या वासाची किळस होती आणि जन्म मात्र गाबितांच्या घरात. देवाने एवढी चेष्टा करायला नको होती. आचऱ्याच्या किनाऱ्यावर गाबीतवाडीत त्याचे घर. मागे वाळत घातलेली सुकट, पुढे वाळत घातलेली जाळी, आणि मधल्या पडवीत सदऱ्याचे टोक नाकाला लावून पाढे म्हणणारा हा मुलगा. आई राधाबाई बांगडे चिरायला बसली की हा उठून माडाखाली जायचा. वाडीतली माणसे फिदीफिदी हसायची. "राधाबाये, तुझो झील खंयसून बदलान हाडलंस गो?" राधाबाईही त्यांच्याबरोबर हसायची, पण घरात आल्यावर त्याच्या पाठीत एक धपाटा घालायची.

पुढे तो मालवणला हायस्कुलात गेला. तिथे त्याच्या शेजारी बसायला कोणी तयार होईना. मास्तर भले गृहस्थ, ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त त्याला खिडकीजवळच्या बाकावर बसवले आणि खिडकी कधी लावू दिली नाही. सत्यवान रोज सकाळी लिंबाने हात घासायचा, कोपरापर्यंत, कातडी सोलवटेपर्यंत. ज्या पोरांनी नाके मुरडली त्यांचा त्याला राग यायला हवा होता. तो आला नाही. राग आला तो आईचा, घराचा, आणि दाराशी माशांची पाटी टेकून "बाये, पाणी दी गो" म्हणणाऱ्या सुगंधाकाकीचा.

ही सुगंधा शेजारच्या घरातली. नवरा समुद्रात बुडून गेलेला, एकच मुलगा गंगाराम. डोक्यावर माशांची पाटी घेऊन गावोगाव हिंडायची आणि सत्यवान दिसला की हटकून त्याच्या गालावरून हात फिरवायची. मग हा विहिरीवर जाऊन गाल धुवायचा. असा हा मुलगा, शिकला मात्र खरोखर चांगला. गणितात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. मुंबईला जाऊन बी.एस्सी. झाला आणि एका मोठ्या संस्थेत लागला. त्या संस्थेने पुढे परदेशातून कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्याच्यावर काम करायला जी हुशार पोरे निवडली त्यांत सत्यवान होता.

यंत्राची खोली थंडगार केलेली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, देवळात जावे तशा. सत्यवान पहिल्यांदा आत शिरला आणि त्याने छाती भरून श्वास घेतला. कसलाच वास नव्हता. माशाचा नव्हता, माणसाचा नव्हता, घामाचा नव्हता. त्याला वाटले, आता आपण आपल्या घरी आलो.

तो कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटे. आजच्या माणसाला सांगितले तर हसेल इतकी त्याची मेमरी लहान होती, पण तेव्हा तिचा केवढा रुबाब! एकेकाचे काम म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. तो यंत्रात घातला की ते काम मेमरीत जागा धरून बसायचे आणि आपली गणिते करू लागायचे. अशी दोन-चार कामे एकाच वेळी आत बसवायची, म्हणजे यंत्र रिकामे राहत नाही, ही त्या वेळची नवी युक्ती. पण मग कोणाला किती जागा द्यायची, आणि जागा पुरेनाशी झाली तर कोणाला उचलून बाहेर टाकायचे, हे बघायला आत एक कायमचा कारभारी प्रोग्रॅम लागतो. त्यातला जागा वाटण्याचा भाग सत्यवानाने लिहिला. साहेब त्याला इंग्रजीत काहीतरी भारदस्त नाव घेऊन हाक मारत. सत्यवान मनातल्या मनात त्याला तांडेल म्हणायचा. वाडीत रापण लागते, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून मोठे जाळे ओढायचे, आणि मिळालेल्या माशांचे वाटे जो घालतो तो तांडेल. लिंबाने हात घासून वास जातो, पण डोक्यात काय काय शिल्लक राहते याचा माणसाला पत्ता नसतो.

गंगाराम मॅट्रिक झाला तेव्हा सुगंधाने राधाबाईकडे धरणे धरले. सत्यवानाने नाइलाजाने साहेबांपाशी शब्द टाकला आणि गंगाराम ऑपरेटर म्हणून लागला. कार्डांचे गठ्ठे यंत्रात घालायचे, टेपा चढवायच्या, उतरवायच्या, यंत्राच्या टाइपरायटरवर काय उमटते ते बघायचे. पोरगा हसतमुख आणि कामाला चोख. दुपारनंतरची पाळी त्याने स्वतः मागून घेतली, कारण ती कोणाला नको असायची. फक्त खोलीत कोणी नसले की तो मालवणीत बोलायचा, "दादा, आज यंत्र बरा चलता," आणि सत्यवान दाराकडे बघायचा. त्या थंडगार खोलीत वाडी शिरली असे त्याला वाटायचे.

१९६८ साल उजाडले आणि यंत्राला रोग लागला. सकाळी सगळे सुरळीत. दुपार कलली की मोठी कामे धडाधड मरू लागायची. हवामानाच्या एका मोठ्या गणितावर संस्थेची इभ्रत टांगलेली होती. ते अर्धे झाले की टाइपरायटर खडखडायचा आणि कागदावर उमटायचे की जागा पुरत नाही, सबब हे काम काढून टाकले. सत्यवानाने तांडेलाला शिकवलेला नियम साधा होता. जागेची टंचाई झाली की जो सगळ्यांत जास्त जागा खातो त्याला काढायचे. म्हणून मरायचे ते नेहमी हेच गणित. पण आत त्या वेळी चालू असलेल्या कामांची जागा मोजली तर ती मेमरीत सहज मावत होती. मग टंचाई आली कुठून? हिशेब जुळेना. साहेब चिडले. दिल्लीहून विचारणा आली, तेव्हा आणखी चिडले.

आणि मग त्यांना एक गोष्ट दिसली. यंत्र बिघडते ते नेमके गंगारामच्या पाळीत. सकाळच्या पाळीत कधीच नाही.

"कुबल, हा तुमचा गाववाला बाहेरची कामे चोरून घुसवत असला पाहिजे," साहेब म्हणाले. "त्याशिवाय जागा जाईल कुठे? की तुमच्या प्रोग्रॅममध्येच खोट आहे?"

सत्यवानाला ठाऊक होते की गंगाराम असले काही करणार नाही. हे त्याला स्वतःच्या नावाइतके ठाऊक होते. पण दुसरा प्रश्न त्याच्या प्रोग्रॅमचा होता. तो चष्मा पुसत म्हणाला, "माणसाकडून चूक होऊ शकते, सर." बस, एवढेच. खोटेही नाही आणि खरेही नाही. असली गुळगुळीत वाक्ये सुशिक्षित माणसालाच सुचतात, आणि ऐकणाऱ्याला ओकारी येत नाही हे नवल.

बहिणीचे लग्न होते म्हणून सत्यवानाची रजा आधीच मंजूर झालेली होती. साहेब म्हणाले, "जाऊन या. तुम्ही येईपर्यंत कारण सापडले तर ठीक, नाही तर तुम्ही आल्यावर त्या पोराला काढू." गंगाराम बोटीवर पोचवायला धक्क्यापर्यंत आला. आईसाठी एक लुगडे त्याने पुडक्यात बांधून दिले. "आयेक सांग, मी बरो आसय. दिवाळीक येतंय." त्याला कसलीच कल्पना नव्हती. बोट सुटली आणि सत्यवान रत्नागिरी येईपर्यंत कठड्यावर वाकून ओकत राहिला. समुद्र लागला असे तो बरोबरच्यांना म्हणाला.

लग्न पार पडले. मांडव उतरला तसा सत्यवान पडवीत यंत्राने छापलेले कागद पसरून बसला. मेमरीत त्या त्या वेळी काय होते त्याची ती छापील प्रत. आकडेच आकडे. जी कामे चालू होती त्यांच्या जागा तो पुन्हा पुन्हा तपासत होता आणि पुन्हा पुन्हा त्या बरोबर येत होत्या. सुगंधाकाकी येता-जाता विचारायची, "माझ्या झिलाचा काय लिवलला हा रे ह्येच्यात?" तो नुसता मान हलवायचा. ती ते नवे लुगडे नेसलेली असायची आणि त्यालाही आता मासळीचा वास लागला होता.

एके दिवशी दुपारी वारा फिरला आणि पडवीत असा काही घाणेरडा दर्प आला की सत्यवानाला बसवेना. नुसता मासळीचा नव्हे, कुजल्याचा. आधीच डोके फिरलेले. तो तोंडाला रुमाल बांधून तरातरा किनाऱ्यावर गेला, वाडीला चार शब्द सुनवायचेच असे ठरवून.

रापण नुकतीच ओढून झाली होती. साल वाईट होते. एवढ्या माणसांनी दोर ओढून जाळ्यात आले काय, तर टोपलीभर तारली आणि थोडे बांगडे. तांडेल गुणाजी वाळूत उकिडवा बसून वाटे घालत होता. रापणीत आपली पद्धत अशी की प्रत्येक जण आपली एक खूण देतो, कोणी शिंपला, कोणी काडी, कोणी खापरी, आणि खूण ज्या वाट्यावर पडेल तो त्याचा. आज वाटे इतके बारके होते की मांजरही फिरकले नसते. सुगंधा विधवा म्हणून तिला अर्धा वाटा. तिच्या पाटीत मोजून चार तारल्या पडल्या आणि तीही दुसऱ्या बायकांसारखी उठली.

पण गुणाजीचे वाटे अजून संपले नव्हते. त्याने करवंटीतल्या आणखी खुणा काढल्या आणि उरलेल्या माशांचे वाटे घालून ते उचलून वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीच्या कडेला नेऊन ठेवले. तिथे काल-परवाचे, त्याच्या आधीचे असे वाटे ओळीने पडलेले होते. काळेनिळे, फुगलेले, माश्यांनी झाकलेले. दोन कुत्री त्यात लोळत होती. दर्प तिथूनच येत होता.

"ह्ये कोणाचे?" सत्यवानाने रुमालातूनच विचारले.

"नावाचे वाटे रे," गुणाजी म्हणाला. "इसारलंस? जे गलबतार गेले, मुंबयक गेले, तेंचे. परत येतले तेवा घेतले."

"आणि तवर?"

"तवर आसतत पडान."

सत्यवानाला लहानपणी ऐकलेले आठवले. पूर्वी वाडीतली माणसे गलबतावरून लांब लांब जायची, कधी परतायची नाहीत. मागे राहिलेल्यांनी त्यांची जागा मोडायची नाही. दोरावरची जागा गेलेल्याचीच, वाटा त्याचाच. तो स्वतः तांडेलापुढे येऊन 'सोडतंय' म्हणेपर्यंत नावाचा वाटा घालायचा. आणि दुसऱ्या कोणी तो उचलायचा नाही, घरच्यांनीही नाही. उचलला तर तो माणूस परत येत नाही. मासळी उदंड होती तेव्हा हे शोभून दिसत होते. आता अर्धी वाडी मुंबईला होती, आणि किनाऱ्यावर जिवंत माणसे चार तारल्या घेऊन घरी जात होती.

"ह्यो तुझ्या गंगारामाचो ना?" सत्यवानाने सुगंधाकडे वळून एका वाट्याकडे बोट दाखवले. वर निळ्या काचेची खूण होती. "काकी, तुझ्या पाटयेत काय नाय. तुझ्या झिलाचो वाटो हय कुसता. उचल तो!"

"शिरा पडली तुझ्या तोंडार!" सुगंधा ओरडली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझो झील परत येवक नको तुका? उपाशी ऱ्हवान, पण ता मी शिवूचंय नाय."

तिने पदराने डोळे पुसले. पोटात भूक, समोर मुलाच्या नावाने कुजणारी मासळी, आणि ही बाई तिची राखण करत उभी. सत्यवानाला तिची दया आली नाही, किळस आली. वाडीची, वाळूची, त्या काळ्या ढिगांची, आणि ढिगांना मान देणाऱ्या या सगळ्या माणसांची. तो रागाने पुढे सरकला. अगदी कडेच्या वाट्यावर शिंगाचा एक तुकडा होता आणि तो त्याने ओळखला. लहानपणी तो त्या तुकड्याशी खेळला होता.

"ह्यो इठोबाचो? काकानु, इठोबा तर माझ्या शाळेच्या दिवसात मेलो!"

"मेलो," गुणाजीने शांतपणे कबूल केले. "पण सोडतंय म्हणान सांगूक खंय इलो?"

सत्यवान तिथेच थांबला. रुमाल तोंडावरून खाली घसरला तरी त्याला कळले नाही. मग तो मर्यादवेलीत वाकला आणि भडाभडा ओकला. वाडीतल्या माणसांना वाटले, बाबाला वास सहन झाला नाही.

त्याला वास कसला, स्वतःचा प्रोग्रॅम दिसला होता. त्याने तांडेलाला काय शिकवले होते? काम संपले की त्याने 'सोडतो' म्हणायचे, मग त्याची जागा दुसऱ्याला द्यायची. चांगली संपलेली कामे तसे म्हणत. पण जे काम मधेच मरते, कार्डात चूक होते, गणित अडते, किंवा तांडेलच त्याला टंचाईत उचलून फेकतो, ते 'सोडतो' म्हणायला येणार कुठून? त्याची जागा त्याच्या नावाने तशीच राहायची. कोणी शिवायचे नाही. या वर्षी संस्थेत नवशिक्या पोरांची भरती झाली होती आणि त्यांची कामे दिवसभर माश्यांसारखी मरत होती. सकाळी यंत्र नव्याने सुरू करताना मेमरी धुऊन निघायची, म्हणून सकाळची पाळी स्वच्छ. दुपारपर्यंत मेलेल्यांचे वाटे साचायचे आणि जिवंत कामाला जागा उरायची नाही. मग मोठे गणित मरायचे, आणि मेल्यावर तेही आपला वाटा अडवून पडायचे. त्यात गंगारामाचा दोष काय, तर तो दुपारी कामावर येत होता.

हे त्या छापील कागदांवर दिसत का नव्हते? दिसत होते. त्या जागा तिथेच होत्या, नावांसकट. पण जागा ज्याची त्याची आहे, त्याने सोडली नाही, म्हणजे ती मोजायचीच नाही, हे सत्यवानाला इतके स्वाभाविक वाटले होते की त्याची नजर त्यांच्यावर कधी अडलीच नाही. दुसरा कोणी, देशावरचा किंवा मुंबईचा, असे लिहिता ना. ही चूक या वाळूत वाढलेल्या माणसाचीच होती, आणि तो आयुष्यभर ती वाळू अंगावरून झटकत आला होता.

रजा सोमवारी संपत होती, त्याच्या आत साहेबांना कळवायला हवे होते. तार करायला मालवण गाठायला हवे, आणि एस.टी. सुटायची वेळ झालेली. तो निघाला, पण निघताना त्याला राहवेना. सगळा राग, स्वतःवरचासुद्धा, त्याने गुणाजीवर काढला.

"काकानु, ही घाण आजच्या आज बंद करा! मेलेल्यांका आणि गेलेल्यांका कसले वाटे? जितां माणसां उपाशी मरतत. टाका त्यो खुणो दर्यात."

गुणाजी डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिला. कितीतरी दिवस त्याच्या मनात हेच होते, पण वाडीपुढे बोलायची टाप नव्हती. आता कुबलाचा शिकलेला मुलगा बोलत होता, आणि तोही चारचौघांत.

"सगळ्यांच्यो?" त्याने विचारले. "गंगारामाची पण?"

"सगळ्यांच्यो. गंगाराम कित्याक येतलो परत रापण ओढूक? तेका मुंबयत नोकरी आसा," सत्यवान धावता धावता म्हणाला.

गुणाजीने करवंटी उचलली. मागे सुगंधाचा आक्रोश सुरू झाला तेव्हा सत्यवान बांध चढून रस्त्याला लागलाही होता. तिच्याच मुलाला वाचवायला चाललो आहोत, या विचाराने त्याला जरा बरे वाटत होते.

मालवणच्या पोस्टात त्याने तार लिहिली. दोष जागा वाटणाऱ्या प्रोग्रॅमात, गंगाराम निर्दोष, मी निघालो. 'माझ्या प्रोग्रॅमात' असे त्याने आधी लिहिले होते. मग 'माझ्या' खोडला. साहेबांना ठाऊकच आहे की कोणाचा, अशी त्याने मनाची समजूत घातली.

मुंबईत पोचल्या पोचल्या त्याने प्रोग्रॅम दुरुस्त केला. काम कसेही संपो, त्याने सोडले म्हणो न म्हणो, तांडेलाने स्वतः फिरून बघायचे आणि मेलेल्याची जागा मोकळी करायची. दुरुस्ती एवढीशीच होती. त्या दुपारी हवामानाचे गणित शेवटापर्यंत गेले. खोलीत टाळ्या वाजल्या. टाइपरायटरपाशी एक नवाच पोरगा बसलेला होता.

"गंगाराम कुठे आहे, सर?"

"त्याला सोडला," साहेब म्हणाले. "तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दिल्लीला काहीतरी कळवायला हवे होते ना."

"मी येईपर्यंत थांबणार होतात. आणि माझी तार?"

"तार मिळाली. उत्तम काम केलेत. पण तोवर ती जागा भरली होती, कुबल. आता भरलेली जागा रिकामी कशी करणार? आणि माणसाकडून चूक होऊ शकते, हे तुम्हीच म्हणाला होतात." त्यांनी सत्यवानाच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याला दाखला चांगला देऊ आपण."

इथे सत्यवानाने काय करायला हवे होते ते सांगायला कोणी शहाणा लागत नाही. दिल्लीला जे कळवले ते खोटे आहे, चूक माझी आहे, ते पुन्हा कळवा, असे म्हणायला हवे होते. साहेबांना कदाचित ऐकावे लागले असते. पण त्या खोलीत गारवा होता, वास नव्हता, आणि लोक त्याचे अभिनंदन करत होते. तो "थँक यू, सर" म्हणाला. पुढे आयुष्यभर त्याला स्वतःच्या तोंडाची घाण येत असे ती या तीन शब्दांची, आणि त्याला कुठलेही लिंबू चालले नाही.

गंगारामाने मुंबईत काही महिने काढले. ज्या यंत्रावरचे काम त्याला येत होते तसली यंत्रे शहरात मोजकी, आणि जिथे होती तिथे साहेबांचे शब्द आधीच पोचलेले. शेवटी तो गावी गेला. सत्यवानाला हे राधाबाईच्या निरोपातून कळले आणि दिवाळीला घरी जाऊ नये असे त्याला फार वाटले. तरी तो गेला.

रापण सुरू झालेली होती. दोन्ही दोरांवर माणसे पाय रोवून ओढत होती, हाकारे घालत होती. मासळी या हंगामात बरी होती. गंगाराम दोरावर नव्हता. तो वर मर्यादवेलीपाशी आईच्या पाटीजवळ बसून होता, बायकांच्या रांगेत. सत्यवानाने गुणाजीला गाठले.

"काकानु, गंगारामाक दोरार कित्याक घेवक नाय?"

"खंय घेव?" गुणाजी दोरावरची नजर न काढता म्हणाला. "तेची जागा माझ्या जावयाक दिलंय, दत्तारामाक. पयली गोष्ट वेगळी होती. तेवा तो धा वर्सांन इलो आसतो तरी जागा तेचीच होती. आता ती रीत खंय ऱ्हवली? तूच मोडलंस. आणि बरा केलंस बाबा, आता वाटे बरे पडतत."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खरोखर खूष होता.

सत्यवान वर चढून गेला. सुगंधाने त्याला बघून तोंड फिरवले. तिने आता त्याच्या गालावरून हात फिरवला असता तर तो त्याने धुतला नसता, पण ती उठली आणि दुसऱ्या बायकांकडे गेली. गंगारामाने मात्र सरकून त्याला बसायला जागा दिली. कुजल्याचा वास कुठेच नव्हता. वाळू लख्ख होती.

"दादा, येक इचारू?"

"इचार."

"माझी जागा मी सोडलंय म्हणान तांडेलाक कोणी सांगल्यान?"

सत्यवानाच्या तोंडात पुन्हा एक गुळगुळीत वाक्य तयार होते. वाडीच्या भल्याचे, उपाशी माणसांचे, सगळे खरेच. ते त्याला बोलवेना.

"मी," तो म्हणाला.

गंगारामाची नजर दोरावर होती. "आणि मुंबयची?"

"ती पण मीच."

तो चिडेल, अंगावर येईल, निदान शिवी देईल असे सत्यवानाला वाटले. शिवी दिली असती तर बरे झाले असते. पण गंगाराम उठला, कपड्यांवरची वाळू झाडली आणि आईची पाटी उचलून घेतली.

"येकदा तरी माका इचारूक व्हया होतंस, दादा," तो म्हणाला, आणि वाट्याची वाट न बघता घराकडे चालू लागला.